तिसरं नोझल

गाडी गॅरेजमध्ये एक दिवस राहिली तर ती दुरुस्त होऊन घरी येते. त्याहून जास्त राहिली तर तिच्याआधी तिचे किस्से घरी येतात. आमची जुनी डिझेल गाडी पास्कोलच्या गॅरेजमध्ये इतकी मुक्कामाला राहिली की आमच्या वसईजवळच्या उमेळ्यात मला "कसा आहेस?" असं विचारणं लोकांनी सोडूनच दिलं. भेटला की प्रत्येकाचा एकच प्रश्न, "निघालं का?"

निघायचं होतं ते नोझल. म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारी, बोटाएवढी लोखंडी नळी. आमच्या गाडीला अशी चार. गाडी काळा धूर ओकायला लागली म्हणून चारही काढून साफ करायची होती. तीन निघाली. तिसऱ्या नंबरचं मात्र गंजून असं बसलं होतं की जणू घर त्याच्या नावावर होतं.

धाकट्या भावाने निर्वाणीचं सांगितलं होतं, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत गाडी चालू झाली नाही तर भंगारवाला येईल. बिल्डिंगमध्ये पार्किंग एकच, आणि त्याची नवी गाडी रस्त्यावर उन्हात उभी. त्याचंही चुकत नव्हतं. पण ही गाडी आप्पांची, माझ्या वडिलांची. अलीकडे त्यांना माणसं आठवत नाहीत, घर आठवत नाही. गाडीत बसले की मात्र सगळं आठवतं. दर रविवारी सकाळी मी गाडी सुरू करायचो, आप्पा शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "चल लवकर, लिलाव उरकेल." मग आम्ही पाचूबंदरला मासळीच्या लिलावाला जायचो. गाडी गेली की आप्पांचा रविवार जाणार होता. मला त्या दिवसांत एका जागी बसवत नव्हतं.

*

पास्कोल नोझल काढताना बोलतो. पान्याला हिसका देतो आणि म्हणतो, "आलं, आलं... आलं बघ!" येत काहीच नाही. पुन्हा हिसका, पुन्हा "आलं, आलं, जोर लावा!" आम्ही तिघे त्याच्या डोक्यावर वाकून उभे. मी, सुधीर आणि इनास सर. आमच्या तिघांच्याही गाड्या जुन्या, तिघांनाही घरात किंमत नाही, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आमचा अड्डा तिथेच.

एके दिवशी सकाळपासून हे "आलं, आलं" चाललं होतं. गॅरेजच्या वरच पास्कोलचं घर. दुपारी त्याच्या बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो, मुलगा की मुलगी तेवढं सांगा. मला भात टाकायचाय."

*

सुधीर बँकेतून रिटायर झालेला. त्याचा माणसांवर विश्वास नाही, व्हिडिओवर आहे. त्याने मोबाइल थेट पास्कोलच्या नाकासमोर धरला. परदेशातला कुठलातरी गोरा मेकॅनिक, पांढरेशुभ्र हातमोजे, एक चकचकीत हत्यार नोझलवर बसवतो, टक् करतो आणि नोझल हातात.

पास्कोलने पूर्ण बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पूर्ण बघितलं. मग हात पुसत म्हणाला, "चांगलं करतो. त्याला म्हणावं, तीच गाडी वसईच्या खाऱ्या हवेत वीस पावसाळे ठेव आणि मग हातमोजे घाल."

*

इनास सर शाळेत विज्ञान शिकवायचे. गंजावर कोल्ड्रिंक ओतलं की गंज सुटतो हे त्यांचं ठाम मत. पास्कोल जेवायला वर गेलेला बघून त्यांनी अख्खी बाटली नोझलच्या खोबणीत रिकामी केली आणि आम्हाला सांगितलं, "आता फक्त संयम."

संयम माझ्याकडे कधीच नव्हता. मी दर पाच मिनिटांनी बॉनेट उघडून बघत होतो. संध्याकाळी उघडलं तर इंजिन हलताना दिसलं. नीट बघितलं तर मुंग्या! काळ्या, लाल, दोन्ही जातीच्या, चारही दिशांनी रांगा.

पास्कोल दुपारची झोप काढून खाली आला, त्याने बघितलं. स्टूल ओढून बसला. सर चाचरत म्हणाले, "चुकलं का काही?"

"नाही हो सर. बघतोय. एवढ्या जणी आहेत, एकजुटीने ओढलं तर काढतीलसुद्धा."

*

मधल्या रविवारी मला राहवलं नाही. आप्पांना रिक्षात घातलं आणि पाचूबंदरला निघालो. वसई बाजारापर्यंत ते रस्ता बघत होते. मग दांडा घट्ट पकडून विचारायला लागले, "कुठे नेताय मला?" मी म्हटलं, लिलावाला. ते म्हणाले, "मला घरी सोडा हो. घरी मुलगा वाट बघत असेल."

मुलगा शेजारीच बसला होता.

बंदरावर नातालीनबाय भेटली. तिथला लिलाव तीच पुकारते. गेली कित्येक वर्षं आप्पांशी पापलेटावरून भांडणारी बाई. ती धावत आली, म्हणाली, "आप्पा, मना वलखलं का?" आप्पांनी तिला नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा. तिने पदराने डोळे पुसले आणि न विचारता पिशवीत बोंबील घातले. परतताना आप्पा मला म्हणाले, "बाई चांगली होती. कोण होती?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या नोझलचा राग आला, खराखुरा, माणसाचा येतो तसा.

*

दोनच दिवसांनी नातालीनबाय डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवून गॅरेजात हजर. तिच्या नवऱ्याची बोट, त्यामुळे डिझेल इंजिन तिच्या घरातलंच. तिने बॉनेटमध्ये डोकावलं, वास घेतला आणि हुकूम सोडले. बोटीवर असं अडकलं की काय करतात? इंजिन तापवायचं, मग फक्त नोझलवर गार पाणी सोडायचं. तापलेलं लोखंड पसरलेलं असतं, मधलं गार होऊन आकसतं, सुटतं. पास्कोल कुरकुरला, पण त्याचेही उपाय संपले होते. तो गॅसचा टॉर्च घेऊन इंजिन तापवायला बसला. टॉर्चचा घूं घूं आवाज, बाजूला टायरवाल्याचा कॉम्प्रेसर. नातालीनबायने ग्लासभर पाणी भरून सुधीरच्या शेजारी ठेवलं.

पाचूबंदरला पाण्याला 'पानी' म्हणतात. सुधीर तर घरीसुद्धा पुस्तकातलं मराठी बोलणारा. त्याला 'ण' नसलेलं पाणी ऐकायची सवय नाही.

इंजिन लाल व्हायच्या बेतात आलं, तशी ती लिलावाच्या आवाजात ओरडली, "आता पानी मार!"

सुधीरने समोरचा पाना उचलला आणि मारला.

पाना उडाला तो थेट टायरवाल्याच्या चहात. नोझलच्या डोक्यावरची तोटी तुटून गटारात गेली. नोझल मात्र जागच्या जागी. मग सुधीरने खाली ठेवलेला पाण्याचा ग्लास बघितला, उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

*

आणि मग शनिवार आला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

पास्कोल म्हणाला, शेवटचा उपाय आहे. मी तो करत नाही, कारण तो उपाय नाही, तोफ आहे. बाकीची तीन नोझल परत बसवायची, अडकलेल्याची वरची पकड थोडी ढिली करायची आणि इंजिन फिरवायचं. आतली दाबलेली हवाच नोझलला बाहेर ढकलेल. निघालं तर निघालं. इंजिन फाटलं तर उद्या भंगारवाल्याला सोपं पडेल.

मी आप्पांना घेऊन आलो होतो. म्हटलं, गाडीला एकदा डोळे भरून बघू देत. नातालीनबायसुद्धा आली होती, स्टुलावर बसून होती. तिने आप्पांना पुन्हा ओळख विचारली नाही.

आम्ही चाकांना दगड लावत होतो तेवढ्यात आप्पा सावकाश चालत गेले, दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. गाडी चालवणं त्यांनी केव्हाच सोडलेलं. मी उतरवायला गेलो तर स्टिअरिंग सोडेनात. पास्कोल म्हणाला, "बसू दे त्यांना. गाडी न्यूट्रलला आहे, चावी तर फिरवायचीय." त्याने नोझलवर जुना टायर ठेवला, त्यावर ओलं पोतं टाकलं आणि आम्हा सगळ्यांना भिंतीमागे पिटाळलं.

आप्पांनी चावी अर्धी फिरवली आणि थांबले.

"फिरवा आप्पा!" मी ओरडलो. इनास सर ओरडले. सुधीर ओरडला. आप्पा ढिम्म. मला वाटलं, विसरले. पुढे काय करायचं तेच विसरले. मी भिंतीमागून निघालोच, तर पास्कोलने कॉलर धरून मागे ओढलं.

"हीटरचा दिवा बघतायत ते," तो म्हणाला. "जुन्या डिझेल गाडीला हीटर तापेपर्यंत थांबावं लागतं. दिवा विझेल, मग."

दिवा विझला. आप्पांनी चावी फिरवली.

पहिल्या झटक्याला गाडी खोकली. दुसऱ्या झटक्याला धाडकन आवाज झाला, टायर उडाला, पोतं उडालं, नोझल पुढच्या शेडच्या पत्र्याला भोक पाडून आभाळात गेलं आणि पलीकडच्या केळीत पडलं. गॅरेजभर काळा धूर. पास्कोलने छातीवर क्रूस काढला. आणि त्या धुरात उरलेल्या तीन नोझलवर इंजिन फाटक्या आवाजात धडधडत होतं. चालू होतं!

खिडकीतून आप्पांनी डोकं बाहेर काढलं. आम्ही भिंतीमागून बाहेर आलो तसे धुरातून एकेकाकडे बघत गेले. माझ्यावरून नजर माझ्यामागच्या नातालीनबायकडे गेली आणि कपाळाला आठी पडली.

"नातालीन, तू इथे काय करतेस? मग तिकडे लिलाव कोण पुकारतंय?"