मिलमधलं भूत

खंडेनवमीला स्कूटरला झेंडूची माळ घातली, की झेंडू आणि ऑइलचा तो मिसळलेला वास मला इंदूरच्या बंद मिलमध्ये नेतो. मिलला कुलूप लागून वर्ष झालं होतं. आत मेलेला एक विणकर माग चालवतो, त्याची खटखट ऐकू येते, अशी वस्तीत बोलवा होती आणि भीतीने तिकडे कुणी फिरकत नव्हतं. त्याच मिलमध्ये विणकर असलेले बाबा मात्र दर खंडेनवमीला आपल्या मागाची पूजा करायचे. त्या दुपारीही ते माळ-नारळ आणि मला घेऊन फाटकावर गेले. चौकीदार म्हणाला, "अंदर मत जाओ भिया, भूत है." बाबा म्हणाले, "होगा तो हमारे ही खाते का होगा, मुझे पहचानेगा," आणि त्याला बाजूला सारून आत शिरले. विणकामाच्या खात्यात एकही माग नव्हता. फरशीत नुसते बोल्ट उरले होते, नुकतेच कापलेले, चकाकणारे. बाबांनी आपल्या मागाच्या चार बोल्टांना कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. परतताना चौकीदाराच्या हातावर खोबरं ठेवून ते अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "देख लिया तुम्हारा भूत. ट्रक लेके आता है." आजही एखादी बंद जागा झपाटलेली आहे असं कुणी म्हटलं, की मी आधी फाटकाशी चाकांच्या खुणा शोधते.