शून्य यायला हवं होतं

आकाशगंगांत, आणि त्यांच्यामधल्या जवळजवळ रिकाम्या जागेतही, चुंबकीय क्षेत्र सापडतं. विश्वाच्या सुरुवातीला ते नसेल, तर पहिल्यांदा आलं कुठून? यावर मी पीएचडी करत होते. तापलेल्या वायूत घनता एकीकडे आणि तापमान भलतीकडे वाढत असलं, की बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि क्षेत्राचं बी पडतं, असं एक मत आहे. मी संगणकावर तसा वायू घुसळत बसायचे. क्षेत्र झकास वाढायचं. माझे गाईड सर खूश, मीही खूश. तीन वर्षं.

प्रबंध छापायला द्यायच्या आधी, मंगळवार पेठेतल्या खोलीवर मी एक साधी तपासणी केली. वायू सगळीकडे अगदी एकसारखा ठेवला. आता क्षेत्र शून्यच यायला हवं. आलं नाही. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. दोन आठवडे प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचली, तेव्हा एका जागी उणे चिन्हाऐवजी अधिक सापडलं. मीच टाकलेलं. ते क्षेत्र वायूतून आलंच नव्हतं, माझ्या चुकीतून आलं होतं.

सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "दुरुस्त केल्यावर किती उरतं?"

"फारच कमी. आजचं क्षेत्र त्यातून होणं कठीण दिसतंय."

"मग तेच लिहा."

तेच लिहा! त्यांचं काय जात होतं?

तिरीमिरीत कोडोलीला घरी गेले. वडील म्हशीची धार काढत होते. तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"चूक सरास्नी घावली न्हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग तुला कशी घावली?"

"तपासलं म्हणून."

"आदी का न्हाय तपासलंस?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. जेवायलाही न थांबता परतीची एसटी धरली आणि वडगावच्या फाट्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले.

पुढं सात महिने तीन प्रकरणं नव्यानं लिहिली. निष्कर्ष एका वाक्याचा: हा एकच मार्ग पुरेसा वाटत नाही. प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. मी हसून सगळ्यांच्या पाया पडले. पण कुणी "डॉक्टर" म्हणून हाक मारली की अजून अंगाची आग होते.