पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ

शारजाच्या औद्योगिक भागात पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत मी वेबसाइट सांभाळते. नवा सर्व्हर बसला त्या आठवड्यात दुबईच्या देरा बाजारातल्या दुकानदारांचे फोन सुरू झाले: पंपांचं पान उघडत नाही. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दिला तर उघडायचं. द्यायचा राहिला तर नाही.

आमचे मॅनेजर वसईचे. त्यांनी स्वतःच्या टेबलावर स्लॅश न देता पान उघडून दाखवलं. "बघा मॅडम, इथे चालतंय ना? प्रॉब्लेम कस्टमरचा आहे. सर्क्युलर काढा, स्लॅश इज कम्पल्सरी. खाली तुमची सही. खलास."

सर्क्युलर छापूनही आलं, खाली माझं नाव. मला संताप आला. इथे पूर्ण पत्ता सांगतं कोण? शेजारच्या अजमानला माझं घर 'मशिदीमागे, कॅफेटेरियासमोर' एवढंच आहे, आणि गॅसवाला एकदाही चुकलेला नाही. माणसाला जमतं ते यंत्राला शिकवायचं सोडून गिऱ्हाइकांना कसले धडे द्यायचे? माझ्या नावावर तर मुळीच नाही.

मी मोबाइलवरचं ऑफिसचं वायफाय बंद केलं आणि तेच पान उघडून पाहिलं. उघडलं नाही. मग सर्व्हरच्या नोंदी पाहिल्यावर कारण कळलं. स्लॅश नसला की सर्व्हर माणसाला स्लॅशवाल्या पत्त्यावर पाठवायचा, पण त्या पत्त्यात साइटच्या नावाऐवजी स्वतःचं ऑफिसातलं नाव घालायचा. ते नाव आमच्या भिंतींबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मॅनेजरांना सांगितलं, तर म्हणाले, "चालू सर्व्हरला हात लावू नका. काही झालं तर जॉब तुमचा जाईल."

मी हात लावला. बाहेर कोणतं नाव सांगायचं, एवढी एक ओळ घातली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. मग देऱ्यातल्या सगळ्यात कटकट्या दुकानदाराला फोन लावला. "चाचा, स्लॅश मत डालिए. अब देखिए."

"खुल गया, बेटी. पहले क्यों नहीं किया?"

संध्याकाळी मॅनेजरांनी बोलावलं. "परमिशन कोणाची घेतली?"

"कोणाचीच नाही, सर."

सर्क्युलर मी सोबतच नेलं होतं. ते उलटं केलं, कोऱ्या बाजूवर काय बदललं ते लिहिलं, आणि खाली ठसठशीत सही करून त्यांच्यापुढे ठेवलं.