शून्यावर स्वतःचं नाव

१४ जून. मिरचीच्या रोपांच्या ट्रेंना चिठ्ठ्या लावायच्या होत्या. सकाळी जतचा टेम्पो येणार, दोन वाणांची रोपं त्यातून जाणार, आणि या वयात दोन्ही अगदी सारखी दिसतात. चिठ्ठीवर वाण नसेल तर शेतात गोंधळ ठरलेला. चिठ्ठ्या छापणं हे संभाजीभाऊजींचं काम. ते माझे धाकटे दीर. सैन्यात सिग्नलला होते, निवृत्तीनंतर साताऱ्यात राहायचे आणि हंगामात मिरजेजवळच्या आमच्या रोपवाटिकेत मुक्कामाला यायचे. एप्रिलमध्ये ते गेले. फोन आला तेव्हा मी ट्रे भरत होते. हात धुतले आणि निघाले.

चिठ्ठ्यांसाठी त्यांनी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. संगणकाच्या काळ्या पडद्यावर तिचं नाव लिहायचं, पुढे गिऱ्हाइकाचं नाव, मग नग. पहिल्याच दिवशी मी ‘बाळू माने ४०’ लिहिलं आणि ती अडकली.

“वहिनी, मोकळी जागा दिसली की त्याला वाटतं, पुढची वस्तू आली. आता बाळूला ‘माने’ नग कुठनं देणार त्यो? नाव अवतरणात बांधा.”

“आणि हे चाळीस?”

“ते बी त्याला अक्षरंच. आकडा कर म्हणून मी आत सांगितलंय.”

काही लिहायचं राहिलं की पडद्यावर यायचं, ‘आवं वहिनी, कुणाला अन् किती?’ मी म्हणायचे, हे जरा नीट लिहा, कामावरच्या बायका हसतात. “हसू द्या की... वाचत्यात तरी.”

वाणासाठी तिसरी जागा करून देतो म्हणाले होते... ते राहिलं. म्हणून त्या संध्याकाळी फाईल मीच उघडली. पहिल्या जागेवर नाव, दुसऱ्या जागेवर नग, अशा त्यांच्या ओळी होत्या. त्याच धर्तीवर तिसरी घातली. वर तपासणी होती, तीन नसतील तर थांब. मला तीनच गोष्टी हव्या होत्या, म्हणून ती तशीच ठेवली. तर नाव, नग, वाण सगळं देऊनही स्क्रिप्ट आपली विचारतेय, कुणाला अन् किती! चहा ठेवला. तो उकळताना त्यांचं बोलणं आठवलं. “हजेरीला आमी आधी सोताचं नाव सांगतो. ही बी तसंच करती. शून्यावर सोताचं नाव, मग तुमचं.” म्हणजे त्यांचे तीन हे दोनच गोष्टींसाठी होते; माझ्या तीन गोष्टींसाठी मोजायचं चार. तिनाचे चार केले. चिठ्ठ्या निघाल्या, वाणासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो गेल्यावर फाईल पुन्हा उघडली आणि त्यांच्या वाक्यात माझी भर घातली. मग पुढे काहीच न लिहिता स्क्रिप्ट चालवली. ‘आवं वहिनी, कुणाला, किती अन् वाण कंचं?’ कामावरच्या बायका हसल्या. मी हसू दिलं.