भागाबाईंचं लेकरू

पोहे भिजवून कांदा चिरायला घेतला तोच दार वाजलं. शेजारच्या भागाबाई. त्यांचे मालक चरोद्याच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. ते गेल्यापासून इथे जुनवानीतल्या घरात त्या एकट्याच. एरवी दार लोटून सरळ ओट्यापाशी येतात, आज उंबऱ्यातच उभ्या. हातात टोपली, टोपलीत लोकरी टोपी घातलेला त्यांचा लड्डू गोपाल, रांगता बाळकृष्ण.

"सकाळीच कुठे निघाली स्वारी, मावशी?"

"बस तर म्हण आधी." बसल्या. "उद्या गुडघ्याचं ऑपरेशन. आठ दिवस दवाखान्यातच. काल नर्स फॉर्म भरून राहिली होती. घरात कोण म्हणे. मी म्हटलं, मी अन् लेकरू."

"अगंबाई. मग?"

"वय इचारलं तिनं. आता काय सांगू? हा आला तवा आमची रत्नमाला पाळण्यात होती. ते चाळीसची झाली, हा रांगूनच राहिला. म्हटलं, लहान आहे. तर तिनं लिहून घेतलं, घरी लहान मूल, सांभाळणारं कोणी पाहा."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

"रत्नमाला म्हणते, आई, देव आहे तो, मंदिरात ठेव, देवाले काय होते? पण प्रांजली, देव आहे तर थंडीत मी त्याले टोपी कावून घालते? अन् लेकरू म्हणावं, तर त्याच्याच पुढे गुडघ्यासाठी हात कावून जोडते? परवा रागावली, दूध नाही दिलं त्याले. मग मलेच घास गेला नाही. कोणावर रागावली मी?"

कॉलेजात माझा विषय तत्त्वज्ञान होता. डोक्यात आलं ते मात्र आमचं स्वयंपाकघर.

"आमच्याकडे ठेवलं असतं, पण अंडी होतात, मावशी."

"मालूम आहे. वास येते." टोपी सारखी करत त्या म्हणाल्या, "मंदिरातच नेऊन राहिली होती. पण पुजाऱ्याकडे असे सात ठेवलेत लोकांनी. सगळ्यायले एकसाथ नळाखाली धरते तो. गल्लीच्या तोंडावरून परत फिरली. ऑपरेशनच नको म्हणून सांगते आता."

"असं काही करू नका. द्या इकडे."

टोपली घेतली आणि मीच अडले. "देवघरात ठेवू, की पलंगावर?"

त्यांनी एकदा देवघराकडे पाहिलं, एकदा पलंगाकडे. "मले पण नाही समजत ना बाई."

मग दाराशी थांबून म्हणाल्या, "एवढं करजो. सकाळी त्याले हाक मारून उठवजो, एकदम हात नको लावू."