तीन वर्षं पुढे गेलेला कंप्युटर

चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी ऑफिसातला कंप्युटर चोरून घरी आणला, ही बातमी शुक्रवारी संध्याकाळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली. पोचवणारा मीच. या डोळ्यांनी पाहिलं होतं. जुन्या चादरीत काहीतरी चौकोनी गुंडाळलेलं, एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आणि दर वळणावर ताईंचं दबक्या आवाजात "हळू, हळू, भिंतीला लागेल." आता सरळ मार्गाने आणलेली वस्तू कोणी चादरीत गुंडाळतं का?

शनिवारी सकाळी शेजारधर्म म्हणून खात्री करायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत ताईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्या नाकासमोर धरला. कंप्युटर घरी न्यायच्या परवानगीचं ऑफिसच्या मालकांचं पत्र, सही-शिक्क्यासकट.

"दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी विचारत होत्या, किती वर्षांची शिक्षा होईल म्हणून. तुम्हीच ना?"

मी पत्र फार मन लावून वाचायला घेतलं.

तर खरी हकिगत अशी. ताई एकतीस वर्षं लिफ्टच्या बोर्डांची सर्किटं आखतात. लिफ्टने कुठे थांबायचं, दार कधी उघडायचं, हे ठरवणारा हिरवा बोर्ड असतो, तो. राहतात मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, आणि यावरचे माझे सगळे विनोद त्यांना पाठ आहेत. ऑफिसात फरशी बदलायला काढली, तेव्हा मालकांच्या भाच्याने भंगारात काढायच्या सामानावर खडूने फुल्या मारल्या. एक फुली या कंप्युटरवर. ताई तडक मालकांकडे गेल्या आणि पत्र घेऊनच बाहेर पडल्या.

कारण जुन्या बोर्डांची सगळी आखणी ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते फक्त याच खोक्यात उघडतं. त्याला लायसन्सची एक फाइल लागते. जेमतेम दहा ओळींची. त्यात या कंप्युटरच्या नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा नंबर आहे आणि खाली एक लांबलचक सांकेतिक सही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की आतला पहारेकरी प्रोग्रॅम दार लावून घेतो. दुसरी फाइल मागायची कोणाकडे? सॉफ्टवेअरवाली कंपनी कधीच बंद पडली. तिच्या फोन नंबरावर आता गालिचे विकतात.

मुळात ताईंचा स्वभाव काळजीचा. कुलूप लावून दोन जिने उतरल्या की परत वर येऊन ओढून बघणार. त्या कार्डाचा नंबर त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, पर्समध्ये ठेवलाय आणि भाऊजींच्या पाकिटातही. बायकोचा फोटो असतो ना, बरोब्बर त्या खणात.

त्यात हे हॉस्पिटलचं प्रकरण. बावीस वर्षांपूर्वी ताईंनीच आखलेला बोर्ड जळला होता आणि दोनातली एक लिफ्ट बंद. दुसरी तितकीच म्हातारी. ती बसली, तर ऑपरेशन झालेले पेशंट स्ट्रेचरवरून जिन्याने उतरवायचे. बोर्ड बनवणारा कारखानदार म्हणाला होता, रविवारी चारच्या आत आखणी द्या, पाचला मशीनवर घेतो. नाहीतर तुमचा नंबर तीन आठवड्यांनी.

"मग आजच द्या ना पाठवून," मी म्हटलं.

"दोन जागी दुरुस्ती आहे, उद्या सकाळी शांतपणे करते. आधी एक बघायचंय." त्या कंप्युटरची तारीख बदलत होत्या. "आठ महिन्यांनी मी रिटायर. माझ्यामागे हे उघडत राहील का, याने झोप लागत नाही मला." त्यांनी तारीख तीन वर्षं पुढे नेली. सॉफ्टवेअर सुरळीत उघडलं. ताई चक्क हसल्या. एवढ्यात हॉस्पिटलच्या इंजिनिअरचा फोन आला आणि त्या बाल्कनीत गेल्या, त्या वीस मिनिटं आल्याच नाहीत. भाऊजी अंघोळीला. मी एकटाच बसून होतो. परत आल्यावर ताईंनी तारीख आजची केली, कंप्युटर बंद केला, आणि मी घरी आलो.

रविवारी अकराला भाऊजी माझ्या दारात. "जरा येता का? ती रडत नाहीये, ओरडत नाहीये. नुसती बघत बसलीय."

पडद्यावर एकच ओळ होती. घड्याळ मागे फिरवलेलं दिसतं, लायसन्स नाकारलं आहे.

"पण तारीख आजचीच आहे की," मी म्हटलं.

"तेच तर." ताईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आधी नेहमीची तपासणी. भाऊजींनी पाकिटातला नंबर एकेक अक्षर वाचला, ताईंनी पडद्यावर बोट ठेवून पडताळला. जुळला. लायसन्सची फाइल जशीच्या तशी. पहारेकरी बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. एक वाजून गेला. हॉस्पिटलचा फोन दोनदा वाजला, ताईंनी तो उशीखाली सरकवला.

"कागदावरून पुन्हा आखता नाही येणार?" भाऊजींनी भीत भीत विचारलं.

"दोन महिने. आणि त्यात एक चूक झाली तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबेल. आत कोण असेल?"

मग ताई एकदम ताठ बसल्या. "काल तारीख पुढे होती, तेव्हा या कंप्युटरने काही फायली लिहिल्या असणार. त्यांच्यावर तीन वर्षांनंतरची तारीख बसली. आज पहारेकऱ्याला त्या दिसतायत. तो म्हणतोय, ही बाई घड्याळाशी खेळून मला फसवतेय."

सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये तसल्या चौदा फायली निघाल्या. ताईंनी एकेक उघडून आजच्या तारखेने पुन्हा ठेवली. एकही बटण चुकलं नाही. चौदावी झाली. कंप्युटर पुन्हा सुरू केला.

तीच ओळ.

अडीच वाजले होते. "आणखी कुठेतरी एखादी आहे," ताई पुटपुटल्या. "पण मी दुसरं काही उघडलंच नव्हतं! आता अख्खी डिस्क धुंडाळायची म्हणजे या म्हाताऱ्या खोक्याला तीन तास लागतील." आणि डोळ्याला पदर लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना हजारदा काळजीत पाहिलं, डोळ्यात पाणी पहिल्यांदाच.

मी दोनदा खाकरलो.

"ताई, एक विचारू? पत्त्यांच्या खेळाचीसुद्धा फाइल असते का?"

"कुठला पत्त्यांचा खेळ?"

"काल तुम्ही फोनवर होता ना. समोर दिसला खेळ. दोनच डाव."

भाऊजींनी कपाळावर हात मारला. ताईंनी मारला नाही. माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "जिंकलात?"

"एक डाव."

"म्हणजे गुण लिहून ठेवले त्याने." त्या पडद्याकडे वळल्याही. कंप्युटरच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमध्ये, शेकडो फायलींच्या गर्दीत, माझा विजय सापडला. तीन वर्षांनंतरच्या तारखेसकट. त्यांनी तो पुसला. कंप्युटर पुन्हा सुरू होईपर्यंत तिघांपैकी कोणीही खुर्चीला टेकलं नाही.

सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर बोर्डाच्या हिरव्या रेषा आल्या.

ताईंनी दोन्ही दुरुस्त्या केल्या, तीनदा तपासल्या आणि आखणी पेन ड्राइव्हवर घेतली. भाऊजींनी ती आपल्या लॅपटॉपवरून चारला सात मिनिटं कमी असताना धाडली. "मिळाली" असा कारखान्याचा निरोप आल्यावरच ताईंनी सकाळचा गार झालेला चहा प्यायला. पुढे बोर्ड बसला, लिफ्ट चालली आणि इंजिनिअरने पेढे पाठवण्याऐवजी ताईंच्या मालकांना पत्र लिहिलं, की त्या कंप्युटरवरची फुली पुसा.

पण त्या रविवारी मी चोरपावलांनी दाराकडे निघालो होतो. म्हटलं, "ताई, झालं ते झालं. आपल्या तिघांत राहू द्या."

ताईंनी पेला खाली ठेवला.

"मी कंप्युटर चोरला हे चारही मजल्यांना सांगून झालंय ना तुमचं? आता पत्ते कोण खेळलं, तेही सांगून या. तळमजल्यापासून सुरुवात करा आणि जिन्यानेच जा, आपल्याकडे लिफ्ट नाहीये."