दाबून घेतलेला बर्गर

बर्गर हातात आला की शेठ आधी तो टेबलावर ठेवायचे, त्यावर तळहात टेकवायचे आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबायचे. कोबी बाजूने बाहेर यायचा, सॉस कागदावर उतरायचा. "आधी दाबून घे, मग खा," असं ते आम्हालाही सांगायचे. प्रत्येक गोष्टीला स्वतःची रीत लावणारा असा एक माणूस तुमच्याही कामावर असेल, आणि तुम्हीही त्याला हसला असाल.

शेठ म्हणजे भिवंडीजवळ वडप्याच्या आमच्या गोडाऊनमधले माल उतरवून घेणारे सुपरवायझर. राहायला अंजूरला. घरची भातशेती गोडाऊनांखाली गेली आणि शेठ हे नाव तेवढं राहिलं, असं ते स्वतःच सांगायचे. मी टेमघरहून येणारा बिलांचा क्लार्क. हायवेच्या कडेला एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या ती ही वर्षं. गाड्या कधीही यायच्या आणि आम्ही सगळे कायम अर्धवट झोपेत असायचो. कंटाळा येण्याइतकीही ताकद उरायची नाही. जांभया सगळ्यांनाच यायच्या, पण शेठची जांभई नाकातून निघायची. ओठ मिटलेले आणि डोळ्यांत पाणी. गालातली गुटख्याची पुडी सांडू नये म्हणून ते तोंड उघडत नसतील, असा आमचा समज होता.

त्याच सुमारास नाक्यावरच्या वडापाववाल्याने 'बरगर' सुरू केला. गोल पाव, बटाट्याचं कटलेट, उभा चिरलेला कोबी आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी लाल चटणी. तिकडे ठाण्याच्या मॉलमध्ये कंपनीचा बर्गर आला होता. ठाण्याला गेलेला माणूस येताना तो घेऊन यायचा आणि मग गोडाऊनमध्ये वाद रंगायचा. कंपनीचा पाव मऊ, पण आतला माल फिका, यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. शेठ तेवढे वेगळं बोलायचे.

"कंपनीचा बरा. तिखट न्हाय."

सुकटीबरोबर कच्ची मिरची चावणाऱ्या घरातला माणूस असं बोलतो म्हटल्यावर आम्ही त्यांना सोडतोय कशाला. शेठ आता ठाणेकर झाले, इथून पुढे काट्याचमच्याने भात खाणार, असं काय काय बोलून घ्यायचो. ते मिटल्या ओठांनी हसायचे.

तिसरा बर्गर त्यांच्या घरचा. लेकीने मॉलमधल्या बर्गरचं वर्णन केलं, त्यावरून शेठच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, आपल्या पद्धतीने बेत जमवला होता. खाडीची कोलंबी, आलं-लसूण, भरपूर हिरवी मिरची, वरून तांदळाचं पीठ लावून तव्यावर तळलेली टिक्की आणि पाव. शेठ तो डबा माझ्याकडे सरकवायचे. "तू खा रं भाऊ. मना भूक न्हाय." मी खायचो. खरं सांगतो, तिन्हींत पहिला नंबर काकींचा. इतकं चवीचं मी त्या गोडाऊनमध्ये दुसरं काही खाल्लेलं नाही.

अंजूरच्या जत्रेला त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकींनी मला ओट्यावर गाठलं. "डबा कोन खातंय, मना म्हायती हाय. यांना माज्या हातचं नको झालंय, दुसरं काय." ही बाई रागात नव्हती, थकलेली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी शेठना सरळ विचारलं. त्यांनी चहा पार गार होऊ दिला, मगच तोंडाला लावला.

"तोंड उघडत न्हाय रं. पुडीनं गाल आवळलेत. दोन बोटं जातात, त्याच्यावर न्हाय. आनि तिखट लागलं की आग आग होते."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जा बोलतो. तुकडा काढून तपासनार."

"मग जा ना."

"पोरीचा पयला पगार होऊ दे. आता कळलं तर ती काम सोडून घरात बसंल."

लेक बारावी होऊन नुकतीच मॉलमधल्या त्याच बर्गरच्या दुकानात लागली होती. पहिल्या पगाराला बाबांनी माझ्या हातचा बर्गर माझ्यासमोर खायचा, असं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. घरी त्यांनी दाढ दुखते असं सांगून ठेवलं होतं. तिच्यासमोर बर्गर दाबला तर ती कारण विचारणार, आणि न दाबता तो तोंडात जाणार नाही.

"तू चल," शेठ म्हणाले. "तू तिला बोलन्यात गुंतव. तेवढ्यात मी दाबून घेतो."

पगाराच्या दिवशी गेलो. टोपी आणि एप्रन घातलेली लेक स्वतः ट्रे घेऊन आली. मी लगेच सुरुवात केली, ड्युटी किती तास, बस मिळते का, साहेब कसा आहे. ती उत्तरं देत होती. शेठनी कागद सोडला आणि त्यांचा वर आलेला हात तसाच थांबला.

बर्गर आधीच दाबलेला होता. चपटा, पाव टिक्कीला चिकटलेला, कडा नीट आत सारलेल्या.

"खावा बाबा, मीच केलाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काका, तुमचा उंच हाय, जपून धरा." आणि आमच्याकडे पाठ करून ती शेजारचं टेबल पुसायला लागली. ते टेबल स्वच्छच होतं. बाबांचा शेवटचा घास संपेपर्यंत ती पुसत राहिली.

परतीच्या बसने आम्ही भिवंडीला आलो. उतरताना शेठ म्हणाले, "तिला म्हायती होतं रं."

त्याच आठवड्यात लेक त्यांना मुंबईला घेऊन गेली. तिने काम सोडलं नाही, ड्युटी बदलून घेतली. काकींनी घरात मिरची आणणं बंद केलं. मग ऑपरेशन झालं, नंतर नळीतून जेवण, आणि पुढचं मला लिहवत नाही. गोडाऊनमध्ये त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. चांगला होता. मोठ्याने जांभया द्यायचा.

दहाव्याला आम्ही अंजूरच्या खाडीवर गेलो होतो. पिंडाजवळच्या पानावर काकींनी कोलंबीची टिक्की घातलेला पाव ठेवला. टिक्की मिरचीने हिरवीगार झाली होती.

"आता चालंल त्यांना तिखट," त्या म्हणाल्या.

लेक पुढे झाली, पानाजवळ वाकली आणि पावावर तळहात ठेवून तिने तो हळूच दाबला.